मामांचा फोन आणि ९९.८ टक्के

आमच्या ऑफिसात चारच्या चहाला दोनच विषय निघतात. एक म्हणजे तळवड्याच्या चौकातलं ट्रॅफिक आणि दुसरा, आयफोन बरा की अँड्रॉइड. पहिल्यावर सगळ्यांचं एकमत असल्यामुळे तो पाच मिनिटांत संपतो. दुसरा गेली चार वर्षं चालूच आहे आणि चहावाला बदलला तरी विषय बदललेला नाही.

मी अँड्रॉइडवाला. म्हणजे पोटापाण्यासाठी अँड्रॉइडचं ॲप लिहितो, त्यामुळे निष्ठा आपोआप आलीच. शेजारच्या डेस्कवर आयओएसवाला मित्र बसतो. त्याचं ठरलेलं वाक्य, "आमच्याकडे ॲप क्रॅश होत नाही बाबा." माझं ठरलेलं उत्तर, "तुमच्याकडे किंमत ऐकून माणूस क्रॅश होतो." मग सगळे हसतात, कप कचऱ्यात जातात आणि आम्ही पुन्हा वर जाऊन आपापले क्रॅश दुरुस्त करत बसतो.

तर हा वाद मी कधी फार मनावर घेतला नव्हता. तो घ्यावा लागला मामांमुळे.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. मूळचे करमाळ्याकडचे, पंधरा वर्षांपूर्वी इकडे आले आणि आता चिखलीच्या घरकुलात राहतात. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहेत. फर्स्ट शिफ्ट सातची, बस साने चौकात सव्वासहाला येते. रविवारी सकाळी मामा आमच्याकडे येतात, आईशी गावाकडच्या जमिनीवर तावातावाने बोलतात, पोहे खातात आणि जातात. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मात्र पोहे तसेच ठेवून त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आरं इंजिनेर, ह्याला काय झालंय बघ. गेटावर आलं की मरतंय."

झालं होतं असं की, त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरने हजेरीचं रजिस्टर बंद करून ॲप आणलं होतं. गेटापाशी उभं राहायचं, ॲप उघडायचं, नंबर टाकायचा, स्वतःचा फोटो काढायचा आणि 'सबमिट' दाबायचं. सात वाजून दहा मिनिटांच्या आत. मामा फोटो काढायचे, 'ओके' दाबायचे, आणि ॲप पुन्हा पहिल्या पानावर यायचं. नंबर टाका. पुन्हा नंबर, पुन्हा फोटो, पुन्हा पहिलं पान. त्या महिन्यात तीनदा असं करता करता सात-दहा उलटून गेले. गेटावरचा माणूस म्हणाला, तुम्ही दिसताय मला, पण ॲपमध्ये दिसत नाही. तीन वेळा अर्धा-अर्धा दिवस, म्हणजे दीड दिवसाचा खाडा.

आता इथे मी काय म्हणालो ते प्रामाणिकपणे लिहितो. मी फोन हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणालो, "मामा, हा फोन जुना झालाय. दोनच जीबी रॅम आहे. नवीन घ्या."

मामांनी फोन खिशात ठेवला. "घेतो की," म्हणाले. मग पोहे खाल्ले. ते गेल्यावर आई म्हणाली, "दीड दिवसाचे पैसे गेले म्हणून आला होता तो. तू त्याला दहा हजारांचा खर्च सांगितलास."

असो. संध्याकाळी मी घरकुलात जाऊन फोन घेऊन आलो. सोमवारी मामांची सेकंड शिफ्ट होती, त्यामुळे रात्रभर तो माझ्याकडे राहू शकत होता.

पण त्याआधी, सवयीप्रमाणे, मी वाचायला बसलो. म्हटलं, आयफोन खरंच कमी क्रॅश होतो का हे एकदा बघूच. बहीण हप्त्यांवर घेतलेला आयफोन घेऊन समोर बसलेली होतीच, तिचंही तोंड बंद करता आलं असतं. :-)

आणि गंमत बघा. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्रिटरसिझम नावाच्या कंपनीचे आकडे बाहेर आले होते. ही कंपनी दुसऱ्यांच्या ॲपमध्ये बसून क्रॅश मोजायची. २०११ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले एकवीस कोटींहून जास्त वेळा उघडलेले ॲप तिने मोजले. सगळ्यात चांगल्या पाव हिश्शातले ॲप घेतले, तर आयफोनवर दर शंभरात ०.५१ वेळा बंद पडले आणि अँड्रॉइडवर ०.१५ वेळा. म्हणजे उलटंच! २०१४ साली त्याच कंपनीने पुन्हा मोजलं, तेव्हा आयओएस ७.१ वर १.६ टक्के आणि अँड्रॉइड चारच्या पिढीवर ०.७ टक्के. जुन्या जिंजरब्रेडवर मात्र १.७.

मी हे लगेच बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "२०१४ साली मी सातवीत होते." मुद्दा बरोबर होता. दहा-बारा वर्षांपूर्वीचे आकडे आज कुणाला चिकटवता येत नाहीत. पण एक गोष्ट त्यातूनही कळली. 'आयफोन क्रॅश होत नाही' हे वाक्य, ते जेव्हा सगळ्यात जोरात बोललं जायचं तेव्हाही, या आकड्यांशी जुळत नव्हतं.

मग मी आणखी खोदत गेलो. दोन्हीकडची पापं आठवायला लागलो.

मे २०१५. एक विशिष्ट मेसेज आला की आयफोन थेट बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. त्या मेसेजमध्ये इंग्रजी शब्द होते, अरबी अक्षरं होती, एक चिनी अक्षर होतं आणि आपल्या देवनागरीतलं एक चिन्हही होतं, दीर्घ ॡ ची मात्रा. ही मात्रा मी तरी आजवर एकाही मराठी शब्दात पाहिलेली नाही. नोटिफिकेशनच्या पट्टीत मजकूर बसवण्यासाठी फोन तो मध्येच कापायला जायचा आणि त्या कापाकापीत कोसळायचा. जूनअखेर आलेल्या आयओएस ८.४ मध्ये ते दुरुस्त झालं.

फेब्रुवारी २०१८. या वेळी तेलुगूतला 'ज्ञा'. त्यात एक न दिसणारं चिन्ह घुसलं की ते अक्षर दाखवताना ॲप बंद. मेसेज असो, व्हॉट्सॲप असो, जे ॲप ते अक्षर दाखवायला जाईल ते आडवं. मोझिलात काम करणाऱ्या मनीष गोरेगावकर यांनी तेव्हा याची फोड करून लिहिलं होतं, ते मी कॉलेजात असताना वाचलं होतं. त्यांनी दाखवलं की प्रश्न एका अक्षराचा नाहीच, एका साच्याचा आहे. व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, मग ते अदृश्य चिन्ह आणि मग स्वर. तेलुगू, बंगाली आणि देवनागरी, तिन्ही लिप्या त्यात सापडत होत्या. देवनागरीत 'क्र'सारखा मागून र जोडलेला असला की तोच प्रकार. १९ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या शिवजयंतीच्या दिवशी, ॲपलने ११.२.६ आणून ते मिटवलं. आळंदी आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. ज्याच्या नावातच 'ज्ञा' आहे त्या माउलीच्या शेजारी राहून मला तेव्हा याचं जरा जास्तच हसू आलं होतं.

आता आमच्या बाजूचं. मार्च २०२१. एके सकाळी अँड्रॉइड फोनवर जीमेलपासून अनेक ॲप उघडल्या उघडल्या बंद पडायला लागले. ॲपवाल्यांची चूक शून्य. गूगलचा 'वेबव्ह्यू' नावाचा एक भाग असतो. ॲपच्या आत वेबपान दाखवायचं काम तो करतो आणि त्याचं अपडेट वेगळं येतं. ते अपडेट बिघडलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, ६ मे आणि १० जुलै २०२० ला, हाच प्रकार आयफोनवर झाला. स्पॉटिफाय, पिंटरेस्ट वगैरे उघडेचनात. कारण? त्यांच्या पोटात फेसबुकचा एक तयार तुकडा बसवलेला होता आणि फेसबुकच्या सर्व्हरकडून त्याला भलतंच उत्तर आलं. चूक ना ॲपलची, ना स्पॉटिफायची.

थोडक्यात सामना बरोबरीत. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मामांचा फोन टेबलावर तसाच पडला होता.

मग एकदाचा कामाला लागलो. तिन्ही फोन ओळीने ठेवले. मामांचा दोन जीबीवाला, माझा आठ जीबीवाला आणि बहिणीचा आयफोन (कुरकुर करत दिला). तिन्हींवर तेच हजेरीचं ॲप, मामांच्याच नंबरने. घरून हजेरी लागणार नाही हे माहीत होतं. 'तुम्ही कंपनीच्या जागेत नाही' असा निरोप आला की पास, पहिलं पान आलं की नापास. प्रत्येकी दहा वेळा.

माझा फोन, दहापैकी दहा पास. आयफोन, दहापैकी दहा पास. बहिणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं नाही. मामांचा फोन, दहापैकी चार पास.

सहा वेळा ॲप पहिल्या पानावर आलं. पण 'ॲप बंद पडले आहे' अशी पाटी एकदाही आली नाही. इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. केबल लावून लॅपटॉपवर लॉग बघितला. ॲप क्रॅश झालंच नव्हतं. त्याला मारलं होतं.

ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी सांगतो. अँड्रॉइडवर पुष्कळ ॲप फोटो काढायचा झाला की स्वतः काढत नाहीत. फोनमधल्या कॅमेऱ्याच्या ॲपला बोलावतात आणि म्हणतात, तू फोटो काढ आणि मला आणून दे. तेवढा वेळ आपण मागे जाऊन उभं राहतात. कॅमेरा हा मोठा खादाड प्राणी. तेरा मेगापिक्सेलचा एक फोटो मेमरीत पूर्ण उघडला तर एका ठिपक्याला चार बाइट धरून बावन्न एमबी होतात. कॅमेऱ्याचा बाकीचा संसार वेगळाच. दोन जीबीच्या फोनमध्ये जागा कमी पडते आणि फोन मागे उभ्या असलेल्यांना बाहेर काढायला लागतो. या कामासाठी वेगळा गडीच असतो, त्याचं नावच 'लो मेमरी किलर'. कॅमेरा फोटो घेऊन परत येतो, तर ज्याने पाठवलं तो जागेवर नाही. मग अँड्रॉइड ॲपला नव्याने उभं करतं. ॲप लिहिणाऱ्याने कॅमेऱ्याकडे जाण्याआधी 'मी कुठे होतो' हे जपून ठेवलं असेल तर माणसाला कळतही नाही. नसेल ठेवलं, तर... नंबर टाका.

आयफोनवर सहसा हे होत नाही, कारण तिथे कॅमेऱ्याची खिडकी ॲपच्या आतच उघडते. ॲप मागे जातच नाही. याचा अर्थ आयफोन मारत नाही असा नाही. मेमरी कमी पडली की तोही मागचे ॲप मुकाट्याने संपवतो. उघडायला फार वेळ लावला तरी संपवतो. त्या वेळी लॉगमध्ये जो कोड येतो तो ॲपलच्या इंजिनिअरांनी असा निवडलाय की वाचला तर 'एट बॅड फूड' वाचता येतं. म्हणजे बिचारं काहीतरी खराब खाऊन गेलं. इंजिनिअर सगळीकडे सारखेच.

पण खरी गोम पुढे आहे. आम्ही सगळे जे क्रॅश मोजतो, त्यात हे मरण मोजलंच जात नाही. ॲपने आतून बोंब मारली तर तो क्रॅश. पाच सेकंद बोटाला उत्तर दिलं नाही तर अँड्रॉइडवर त्याला वेगळं नाव आहे, तेही मोजतात. गूगल प्ले तर क्रॅशचा १.०९ टक्के आणि या अडकण्याचा ०.४७ टक्के ओलांडला की ॲपला वाईट वर्तनाच्या यादीत टाकतं. पण मागे उभं असताना गुपचूप मारलं, तर त्या आकड्याच्या दृष्टीने ॲप शहाण्यासारखं वागलं. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, 'मागच्या वेळी मला का मारलं' हे ॲपला विचारता येतं. पण विचारावं लागतं. कोण विचारतो?

म्हणजे चारच्या चहाला आम्ही जे भांडत होतो ते फक्त आरडाओरडा करून मरणाऱ्यांबद्दल. मामांच्या हजेरीचं ॲप ज्याने लिहिलं त्याच्या स्क्रीनवर त्या दिवशीही हिरवा आकडाच दिसत असणार. मामा गेटावर उभे, आणि आकडा हिरवा.

रात्री दीडला मी झोपायला गेलो आणि झोप लागली नाही. कारण 'फोटो काढला की पहिल्यापासून' हे वाक्य मी कुठेतरी आधी वाचलेलं होतं.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम केलं ते जुन्या तक्रारी शोधायचं. सापडली. सात महिन्यांपूर्वीची. आमचं ॲप गाड्यांच्या तपासणीचं आहे. ड्रायव्हर किंवा वर्कशॉपमधला माणूस फॉर्म भरतो आणि गाडीचे चार फोटो काढतो. कुणीतरी लिहिलं होतं की तिसरा फोटो काढला की फॉर्म रिकामा होतो, दिवसातून तीन-चार वेळा सगळं पुन्हा भरावं लागतं. खाली उत्तर होतं, 'आमच्या फोनवर असे होत नाही. कृपया जास्त रॅमचा फोन वापरावा.' आणि तक्रार बंद. उत्तर देणाऱ्याचं नाव माझं.

मामांना जे म्हणालो होतो तेच, फक्त 'कृपया' लावून.

सेटिंगमध्ये एक बटण असतं. ते चालू केलं की मागे गेलेलं पान फोन लगेच मोडून टाकतो. आठ जीबीच्या फोनवरही गरिबाच्या फोनसारखं वागून बघता येतं. मी ते चालू केलं आणि आमचं ॲप उघडलं. पहिल्याच फोटोला फॉर्म साफ. पहिल्याच. सात महिन्यांपूर्वी हे करायला मला एक मिनिट लागलं असतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. कॅमेऱ्याकडे जाण्याआधी फॉर्म फोनमध्ये लिहून ठेवायचा आणि परत आल्यावर तिथूनच उचलायचा, एवढंच. मॅनेजरने विचारलं, याने क्रॅशचा आकडा किती सुधारेल? मी म्हणालो, नाही सुधारणार. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना मामांची गोष्ट सांगितली. "बरं, टाक या रिलीजमध्ये," म्हणाले. रिलीजच्या आधी आमचा आकडा ९९.८ टक्के होता. नंतरही ९९.८ टक्केच आहे.

त्या जुन्या तक्रारीखाली मी माफी मागून लिहिलं की आता दुरुस्त झालंय. उत्तर आलं नाही. सात महिन्यांनी कोण बघतो. कदाचित त्याने फोन बदलला असेल. कदाचित नोकरीही.

मामांचं काय? ते ॲप माझं नाही, त्यामुळे मी फार काही करू शकलो नाही. ज्यांनी बनवलंय त्यांना लॉगसकट सविस्तर मेल पाठवला. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर एका सेकंदात आलं, म्हणजे तेही ॲपनेच पाठवलेलं. :-) मामांच्या फोनमधले चार निकामी ॲप काढून टाकले, मागे आपोआप चालणारे बंद केले आणि सांगितलं, बस महाळुंग्याच्या पुढे गेली की फोन एकदा बंद करून चालू करा. गेटावर उतरलात की आधी हजेरी, दुसरं काही उघडायचं नाही. तसं करून घरी पुन्हा दहा वेळा बघितलं, नऊ पास झाले.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. मागच्या रविवारी मामा आले, तेव्हा विचारलं.

"दोनदा तसंच झालं," म्हणाले, "पण टाइम होता हातात. आता उतरलो की चहा घेत न्हाई. सरळ गेटावर जातो."

"आणि तो दीड दिवस?"

"त्ये गेलं." पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुझ्या ॲपातबी असंच होतं म्हणालास न्हवं? ते नीट केलंस का?"

"केलं मामा."

"मग झालं तर."

चहाचा वाद अजून चालू आहे. परवा मित्र पुन्हा म्हणाला, आमच्याकडे क्रॅश होत नाही. मी या वेळी किंमतीचा विनोद केला नाही. म्हटलं, आमच्याकडेही ९९.८ आहे रे, पण तू तुझं ॲप सगळ्यात जुन्या आयफोनवर शेवटचं कधी चालवलंस? तो जरा थांबला आणि म्हणाला, आहे कुठे जुना आयफोन टीममध्ये?

म्हणून सध्या आमच्या दोघांच्या मधल्या टेबलावर एक खोका ठेवलाय. त्यात एक तडा गेलेला जुना आयफोन आहे, आणि वापरलेल्या फोनच्या दुकानातून मी आणलेला एक दोन जीबीचा अँड्रॉइड. मामांच्या फोनचाच धाकटा भाऊ. प्रत्येक रिलीज आधी त्याच्यावर चालवायचं असं आम्ही ठरवलंय. किती दिवस टिकतंय बघू. तो फोन इतका हळू आहे की ॲप उघडेपर्यंत चहा होतो.

आज शनिवार, म्हणजे वीज जायचा गुरुवार नाही, तरी मगाचपासून दोनदा गेली. लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत थांबतो.